ड्रायव्हरमागची जागा

हे मी अजून कुणापुढे बोललेले नाही. नवऱ्यापुढे नाही, आणि देवापुढे हात जोडते तेव्हाही एवढे मात्र वगळते. चौथीपर्यंत शिकले, लिहिता येते, म्हणून लिहिते आहे. तोंडाने जमणार नाही. तोंडाने मला फारसे काहीच जमत नाही — सगळ्या गावाला ते ठाऊक आहे, आणि त्याचाच मी फायदा घेतला.

आधी गाडीचे सांगते.

आमच्या गावात पाथर्डीची एसटी मुक्कामाला येते. ड्रायव्हर-कंडक्टर गाडीतच झोपतात आणि सकाळी तीच गाडी परत नेतात. त्यांचे जेवण आमच्याकडे असायचे. सासूबाईंनी ते सुरू केले, त्या गेल्यावर मी चालू ठेवले. भाकरी, कालवण, सकाळी अंघोळीला पाणी. त्याबद्दल आम्ही कधी काही घेतले नाही. पण बाजारच्या दिवशी गाडी आमच्या दारापुढे येऊन हॉर्न द्यायची, आणि ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर, खिडकीकडेला, कंडक्टरचा पंचा टाकलेला असायचा. मी चढले की तो पंचा उचलायचा. म्हणायचा, "बसा वैनी. आता गाडी हलंल." लोक हसायचे, मी मान खाली घालायची. पण आवडायचे मला. खोटे कशाला सांगू? घरात नाही, शेतात नाही, चार बायकांत नाही — मला पुढे बस असे दुसरे कोण म्हणत होते?

मग दुष्काळ पडला. दिवाळीलाच आमच्या विहिरीचा तळ दिसला. शेजारच्या कोंडाबाईच्या आडाला मात्र पाणी राहिले. कंडक्टर एका संध्याकाळी दारात उभा राहून, ओशाळून म्हणाला, "वैनी, तुमाला त्रास नको. आमी कोंडामावशीकडं जेवत जातो. पान्याचं बघताय ना तुमी." बरोबरच होते त्याचे. मी बरं म्हणाले.

पुढच्या बाजारी हॉर्न तिच्या दारी वाजला. पंचा तिच्यासाठी. मी धावत जाऊन चढले आणि मधल्या वाटेत उभी राहिले — एका हाताने दांडी धरलेली, दुसऱ्या हातात अंड्यांची पाटी, पायावर कुणाचा तरी रॉकेलचा डबा. एका म्हाताऱ्याची बांधलेली कोंबडी सारखी घोट्याला चोच मारत होती. "सरका, मागं सरका," कंडक्टर म्हणाला. मलाही तसेच, सगळ्यांना म्हणतो तसे. मागून एकीने टोमणा मारला, "काय गं, तुजी खुर्ची गेली व्हय?" गाडीभर हसू झाले.

कोंडाबाई मात्र हसली नाही. अंग चोरून म्हणाली, "ये गं, बस चिकटून." मी नको म्हणाले. दर बाजारी ती बोलवायची, दर बाजारी मी नको म्हणायची. तिने बोलावले याचाच राग यायचा. असा राग येतो का माणसाला? मला आला.

आता पुढचे — अजूनही टाळावेसे वाटते.

कोंडाबाईला एकच लेक, शेवंता. पाथर्डीला दिलेली. सासरची माणसे दर साली ऊसतोडीला जातात. त्या साली शेवंता पहिलटकरीण होती, दिवस भरत आले होते. तिच्या सासूचा निरोप आला — बाजारच्या दिवशी सकाळी टोळीचा ट्रक निघणार, त्याआधी आई न्यायला आली तर पोरीला ठेवू, नाहीतर ती आमच्याबरोबर येईल. आमच्याकडे माहेरचे कुणी न्यायला आल्याशिवाय लेक आपण होऊन उठून येत नाही.

आदल्या संध्याकाळी कोंडाबाई जेवण वाढताना कंडक्टरला सांगत होती. मधल्या भिंतीवरून मला सगळे ऐकू आले.

"शेरडं वस्तीवर जावंकडं सोडते, तिथंच निजते. सकाळी येते. मला टाकून जाऊ नगा रं बाबांनो."

"मावशी, तुमच्या भाकरीवर चालती ही गाडी. तुमाला टाकून कशी जाईल?"

सकाळी हॉर्न वाजला. परत वाजला. गाडी गच्च भरली होती आणि मी त्या पंच्याच्या जागेपाशी उभी होते. ड्रायव्हर कुरकुरायला लागला. कंडक्टरने विचारले, "मावशी दिसल्या का कुनाला?"

मला दिसत होती. खिडकीतून वस्तीची पायवाट दिसते. बाभळींपलीकडून ती येत होती, डोक्यावर गाठोडे, एक हात वर केलेला. तिला पळता येत नव्हते. बाकीचे कुणी वाकून बघत नव्हते.

मी म्हणाले, "त्या गेल्या. वस्तीवरनं खडीच्या ट्रकनं गेल्या, पहाटंच."

दुष्काळी कामाची खडी नेणारे ट्रक तिकडून जायचे, म्हणून खरेही वाटले असेल. पण कंडक्टर म्हणाला ते वेगळेच. "वैनी बोलल्या म्हंजे खरंच. एरवी तोंड उघडत न्हाईत त्या." त्याने पंचा उचलला. "बसा." मी बसले. घंटी वाजली. मी खिडकीबाहेर बघितले नाही, अंड्यांकडे बघत राहिले.

मला त्या दिवशी बाजारातून काय आणायचे होते? मीठ आणि काडेपेटी.

कोंडाबाई चालत गेली. पोचली तेव्हा ट्रक गेलेला, चुलीतली राख तेवढी होती. शेवंता उसाच्या फडावर, पाचटाच्या कोपीत बाळंत झाली. मूल राहिले नाही. परत आली ती सासरीच उतरली. आई न्यायला आली नाही, हे तिच्या मनात बसले ते बसले. अजून ती माहेरी आलेली नाही.

मी गेले असं तू का सांगितलंस, हे कोंडाबाईने मला विचारले होते. माझ्या उंबऱ्यावर बसून. मी म्हणाले, मला कुणीतरी तसं सांगितलं. हे दुसरे खोटे. ती म्हणाली, "तुजा काय दोस, तू गरीब गाय. त्यानं थांबायला पायजे हुतं." त्या दिवसापासून तिने गाडीवाल्यांना पाण्याचा तांब्याही दिला नाही.

पुढच्या साली पाऊस झाला, आमच्या विहिरीला पाणी आले. गाडीवाले परत आमच्याकडे जेवू लागले. हॉर्न माझ्या दारी वाजतो. पंचा माझ्यासाठी असतो, आणि मी जाऊन बसते.

कोंडाबाईही बाजारला येते. दांडी धरून उभी असते, पुष्कळदा माझ्या बाकापाशीच. ये गं, बस चिकटून — एवढेच म्हणायचे असते. मी अजून एकदाही म्हटलेले नाही.

उद्या बाजार आहे.