सातव्या लेनची टोपली

आंतरराष्ट्रीय मैदानी स्पर्धेत स्वयंसेवक म्हणून माझं काम साधं होतं. शर्यतीआधी धावपटूने उतरवलेले कपडे टोपलीत घ्यायचे आणि शर्यत संपते तिथे नेऊन ठेवायचे. सातव्या लेनमधल्या मुलीने हसत जॅकेट दिलं.

ऑपरेशनला आत जाताना बाबांनीही असंच मनगटावरचं घड्याळ काढून दिलं होतं. “बाहेर आलो की दे,” म्हणाले. ते अजून माझ्याकडेच आहे. माणसं किती सहज पलीकडे भेटायचं ठरवून टाकतात!

पिस्तूल वाजण्याआधीच तिचा पाय सुटला. पंचांनी लाल कार्ड दाखवून तिला शर्यतीतून बाद केलं. ती माझ्याकडे परत आली. टोपली जागची हललीही नव्हती. मी जॅकेट उचलून तिला दिलं.

ते अजून गरम होतं.