सात वर्षांची एकच सीट

दुबईत अल मनखूलच्या आमच्या बिल्डिंगमधले मराठी आईबाप दर शुक्रवारी चहाला जमतात, आणि मुलांच्या ॲडमिशनशिवाय आमच्याकडे दुसरा विषय नसतो. किस्से साठणारच. मीही त्यातलाच एक बाप.

वर्तक एका बांधकाम कंपनीत प्लॅनिंग मॅनेजर. त्याच्या ईराला बारावीनंतर कम्बाइंड प्रोग्रॅमला सीट मिळाली: आधी पदवी, लगेच डॉक्टरकी, ॲडमिशन एकदाच, सात वर्षं. वर्तकने केकवर 'डॉ. ईरा' लिहून घेतलं. आवडलं नाही तर काय, असं ईराने इंग्रजीत विचारलं. पोरगी सतरा वर्षांची.

वर्तक म्हणाला, "तो प्रश्नच येत नाही. तोच तर फायदा आहे."

*

फणसेबाईंचा रोहन त्याच कोर्सला, एक वर्ष पुढे. त्याचे ग्रेड्स कोर्सच्या अटीखाली जरासे घसरले आणि मेडिकलची सीट खलास. बाईंनी आम्हाला सांगितलं, त्याला आता रिसर्चमध्ये इंटरेस्ट आहे. रोहन महिनाभर लिफ्ट सोडून जिन्याने जायचा, आमच्यापैकी कुणी भेटू नये म्हणून.

*

दुसऱ्या वर्षी ईराने भूगर्भशास्त्राचा एक पेपर घेतला आणि हरखून गेली. शहराबाहेरच्या हत्ताच्या डोंगरातले दगड आणून खिडकीत मांडायला लागली. अजून एक पेपर मागितला, तर कॉलेजने टाइमटेबलमध्ये जागा नसल्याचं कळवलं. वर्तकला हायसं वाटलं. म्हणाला, "पुढे पेशंटच्या पोटातले खडे बघ हवे तेवढे."

*

मग मंदी आली. वर्तकची कंपनी बंद पडली, व्हिसा गेला, कुटुंब पुण्याला निघालं. ईराची तीन वर्षं झाली होती. इथलं कॉलेज म्हणालं, चौथं वर्ष केल्याशिवाय पदवी नाही. पुण्याचं मेडिकल कॉलेज म्हणालं, बारावीच्या मुलांबरोबर प्रवेशपरीक्षा द्या. तीन वर्षं शिकून पोरगी पुन्हा बारावी पास!

त्या शुक्रवारी वर्तकने हे सगळं आम्हाला सांगितलं. फणसेबाईंनी विचारलं, "मग तिची सीट रिकामी होईल ना? आमच्या धाकटीसाठी विचारतेय."

*

यापुढचं वर्तकच्या बायकोने फोनवर सांगितलं. पुण्यात ईरा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला प्रवेश घ्यायला गेली, दोन्ही बाजूंना आईवडील. प्राचार्यांनी तिचे कागद चाळले आणि सहज विचारलं, "डॉक्टर का व्हायचं होतं तुला?"

वडिलांकडे वळून ईराने अगदी मनापासून, मराठीत विचारलं, "बाबा, का व्हायचं होतं?"