उंबऱ्याशी आलेलं पाणी

आमच्या भागात द्राक्षाच्या बागा नुकत्याच फळाला येऊ लागल्या होत्या, त्या काळातली, म्हणजे नव्वद सालानंतरची ही गोष्ट. बारामती-इंदापूरकडचे काही बागायतदार मिळून इटलीला शेतीची अवजारं पाहायला निघाले. माझे थोरले चुलते, आबा, त्यांत होते. माझे वडील लवकर गेल्यावर मला आबांनीच वाढवलं. एकट्यानं परदेशात जायला ते तयार नव्हते. "ह्यो येत आसंल तर मी येतो," एवढंच म्हणाले. मला कामापुरतं इंग्रजी येत होतं, म्हणून माझीही वर्णी लागली.

प्रदर्शन झालं, तिकडच्या बागा पाहून झाल्या. शेवटचा दिवस व्हेनिस पाहायला ठेवला होता. थंडी कडाक्याची होती. बाकीच्यांनी पुण्यातून घेतलेली जाकिटं घातली होती. आबांचं धोतर, टोपी आणि अंगाभोवती घोंगडं. आमच्या घरात पूर्वी मेंढरं असायची. मेंढरं गेली, शेती आली, पण घोंगडं काही आबांनी सोडलं नाही. बोटीत एका गोऱ्या बाईनं त्यांचा फोटो काढला. कोऱ्हाळ्याचे एक ऊसवाले तात्या आमच्यासोबत होते. ते म्हणाले, "आबा, आपून हितं बघाय आलोय, आन ही लोकं तुमालाच बघत्यात." आबा नुसते हसले.

बोट मोठ्या कालव्यातून चालली होती. दोन्ही अंगांना उंच माड्या, रंग उडालेल्या भिंती आणि प्रत्येक दारातून थेट पाण्यात उतरलेल्या पायऱ्या. खालच्या पायऱ्यांवर हिरवं शेवाळ धरलं होतं. आबा कठड्याला धरून वाकून पाहत होते.

"ह्या पायऱ्या खाली कुठवर हायत रं?"

"माहीत नाही, आबा."

मुख्य चौकात पोचलो तर तिथंही घोटाभर पाणी. लोक लाकडी फळ्यांवरून एकामागं एक चालले होते. समुद्राला भरती आली की थंडीच्या दिवसांत असं होतं, थोड्या वेळात उतरेल, असं गाईडनं सांगितलं. चर्चच्या दाराशी आबा वहाणा काढायला लागले, तेव्हा गाईडनं घाईनं त्यांना थांबवलं. आत छतावर सगळीकडं सोनेरी नक्षी होती. आबांनी वर एकदा पाहिलं, हात जोडले आणि बाहेर आले. त्यांचं लक्ष पाण्याकडंच होतं.

मग तासभर मोकळा वेळ दिला. मी तात्यांसोबत काचेचं सामान पाहत राहिलो आणि मागं वळून पाहतो तर आबा नाहीत. शोधत शोधत एका अरुंद बोळात गेलो. तिथं एका घराच्या दारात पाणी अडवायला आडवी फळी बसवली होती. भरती उतरली होती, आणि आबांच्याच वयाची एक बाई रबरी बूट घालून ती फळी उपसायचा प्रयत्न करत होती. फळीचं दुसरं टोक आबांच्या हातात होतं. त्यांनी धोतर वर खोचलं होतं. ती तिच्या भाषेत काही सांगत होती, आबा मराठीत म्हणत होते, "थांबा, आदी ही बाजू उचला." फळी निघाली. बाईनं खराट्यानं उंबऱ्यातलं पाणी बाहेर लोटलं, रोजचं अंगण झाडावं तितक्या सहजपणानं. मग आतून छोट्या कपात काळी कॉफी आणून दिली. आबांनी ती तोंड वाकडं करून संपवली. बाईनं घोंगड्याचा पदर बोटांनी चाचपून पाहिला.

"घरच्या मेंढराची लोकर हाय," आबा तिला म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "ह्यास्नी इचार, हे पाणी सारखं येतं का?"

मी इंग्रजीत विचारलं, हातवारे केले. बाईनं हात पुढं नेला, मागं आणला आणि खांदे उडवले.

"येतं आन जातं," आबा म्हणाले.

तिचा निरोप घेऊन आम्ही जवळच्या पुलाच्या पायऱ्यांवर बसलो. भीमेकाठी आमचं जुनं गाव होतं. धरण झालं तेव्हा ते पाण्याखाली गेलं आणि आम्ही शेळगावच्या बाजूला माळावर आलो. तेव्हा मी लहान होतो. आबांची बायको, माझी थोरली आई, त्या माळावर रमली नाही. काही वर्षांतच तापाचं निमित्त होऊन ती गेली. आबा तिच्याविषयी कधी बोलत नसत.

"तुजी थोरली आई म्हणत हुती, पाणी उंबऱ्याला लागू द्या, मग निघू," आबा म्हणाले. "मी साऱ्या गावाफुडं म्हणलं, बाई खुळी हाय. आदी जाईल त्याला चांगली जमीन घावंल, आसं लोक म्हणत हुते. म्हणून सगळ्यांच्या आदी गाडी जुपली. गाडीत ती मागं तोंड करून बसली. पुन्यांदा त्या घराचं नाव काढलं न्हाय तिनं."

मी म्हणालो, "आबा, आपल्या घरावर किती पाणी चढलं ते तुम्हीच बघितलंय. देवळाचा कळस तेवढा दिसत होता. तिथं राहताच आलं नसतं."

"ते मला कळतंय. पर उंबऱ्याला लागस्तवर ऱ्हाता आलं आसतं. लोक ऱ्हायलेच की. तिनं तेवडंच मागितलं हुतं."

"कशासाठी थांबायचं होतं तिला?"

आबांनी माझ्याकडं पाहिलं. असं कुणी विचारेल हे त्यांच्या ध्यानातच नसावं.

"मी इचारलं न्हाय," ते म्हणाले.

तेवढ्यात बोळाच्या तोंडाशी तात्या दिसले. बोट सुटायची वेळ झाली म्हणून ते हाका मारत होते. आबा गुडघ्यावर हात ठेवून उठले.

गावी आल्यावर इटलीची हकीकत ऐकायला लोक येत. आबा फवारणीच्या यंत्राचं सांगत, कबुतरांचं सांगत, कडू कॉफीचं सांगून हसवत. त्या बाईचं दार कधी सांगितलं नाही. एकदा छाटणीच्या वेळी आम्ही दोघंच बागेत होतो, तेव्हा मी थोरल्या आईचा विषय काढून पाहिला. त्यांनी कात्री पुसली आणि म्हणाले, "तिकडची वळ छाटायची ऱ्हायलीय." मीही मग रेटलं नाही. चार-पाच वर्षांनी आबा गेले.

त्यांच्यानंतर मी थोरल्या आईच्या धाकट्या बहिणीला मुद्दाम भेटायला गेलो. म्हातारीला फारसं आठवत नव्हतं. मी विचारलं, थोरल्या आईला शेवटपर्यंत जुन्या घरात का राहायचं होतं.

"तिला पाणी बघाया लई आवडायचं," ती म्हणाली. "पूर आला की समद्या बाया भिऊन घरात बसायच्या. ही दारात यिऊन बसायची. दुसरं काय आसंल तर मला ठावं न्हाय."

एवढंच कारण असेल की आणखी काही होतं, ते आता कुणीच सांगू शकत नाही. पण तिला पाणी बघायला आवडायचं, हे तरी आबांना कळायला हवं होतं.