ग्राउंडवरचा गणपती

माझा मुलगा अद्वय आता चारचौघांसारखा वागायला लागला आहे, आणि त्या काळजीने मला झोप येत नाही.

ऑफिसातून येतो, हातपाय धुतो, जेवतो आणि सोफ्यावर मोबाइल बघत बसतो. रविवारी उशिरा उठतो. "काय करतोयस रे?" विचारलं तर म्हणतो, "काही नाही." आणि खरंच काही करत नसतो. एकोणतीस वर्षांत हा मुलगा असा रिकामा बसलेला मी पाहिला नव्हता. त्याने असंच बसावं म्हणून वर्षानुवर्षं मीच त्याच्या मागे लागले होते. हे सांगायचं तरी कुणाला? म्हणून लिहायला बसले आहे.

माझे वडील, अण्णा, मोहने गावातल्या रेयॉनच्या कारखान्यात होते. कॉलनीतच राहायचे. मे महिन्याच्या सुट्टीत मी अद्वयला तिथे पाठवायची. कॉलनीमागे ग्राउंड होतं आणि ग्राउंडच्या पलीकडे कसाऱ्याकडे जाणारी रेल्वे लाइन. संध्याकाळी कॉलनीतली पोरं तिथे फुटबॉल खेळायची. अद्वयला खेळता यायचं नाही. पायात पाय अडकून पडायचा, म्हणून त्याला कुणी टीममध्ये घेत नसे. मग अण्णांनी त्याला चुन्याची बादली दिली आणि तळाला भोकं पाडलेला एक पत्र्याचा डबा दिला. त्या दिवसापासून अद्वय रोज ग्राउंडच्या रेषा आखायला लागला. पोरं बॉल घेऊन त्याची वाट बघत थांबायची. रेषा आखून झाल्या की हा बादली घेऊन बाहेर उभा राहायचा, अंधार पडेपर्यंत.

एकदा मी त्याला घ्यायला गेले तेव्हा हे पाहिलं आणि मला फार लागलं. बाकीच्या आया बघत होत्या. घरी येताना मी त्याला म्हटलं, "खेळायला घेत नाहीत ना तुला? मग त्यांच्या रेषा कशाला आखतोस?"

नऊ वर्षांचा होता. म्हणाला, "मी आखल्या नाहीत तर गोल झाला की नाही, ते कसं कळणार गं?"

पुढे कारखाना बंद पडला, कॉलनी रिकामी झाली, अण्णाही गेले. अद्वय बी.कॉम. झाला, ठाण्यात एका विमा कंपनीत लागला. पहिल्या पगारात त्याने आगगाडीचं एक छोटं इंजिन आणि थोडे रूळ आणले. मला वाटलं, हौस आहे, चार दिवसांत फिटेल. तसं काही झालं नाही. त्याच्या खोलीत भिंतीला लागून सहा बाय चारची प्लाय आली. तिच्यावर रूळ आले, स्टेशन आलं, पूल आला. इंजिनं, डबे आणि रूळ तेवढे विकतचे. बाकी सगळं तो हाताने करायचा, तेही घरातल्याच वस्तूंतून. अगरबत्तीच्या काड्यांचे खांब आणि औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटाच्या चंदेरी कागदाचं स्टेशनचं छप्पर.

डोंबिवलीत आमच्या ओळखी भरपूर. कुणी आलं की मी त्याच्या खोलीचं दार ओढून घ्यायची. माझ्या नणंदेला, संचिताला, मात्र ते दार उघडल्याशिवाय चैन पडत नसे. "काय वहिनी, अद्वयची झुकझुकगाडी सुटली का? का सिग्नल लागलाय?" असं म्हणून खो खो हसायची. "तिशी आली आता. स्वतःच्या मुलासाठी घ्यायच्या गाड्या या!"

एकदा मी म्हणून गेले, "अगं, ते गणपतीच्या देखाव्यासाठी करतोय तो."

किती सहज सुचलं! आणि संचिताचं हसणं थांबलं. आमच्याकडे बाप्पासाठी म्हटलं की चाळिशीतला माणूस पुठ्ठे कापत बसला तरी कुणी हसत नाही, उलट कौतुक करतात. तेव्हापासून मी सगळ्यांना तेच सांगू लागले. अद्वयच्या कानावर गेलं असणार.

गेल्या वर्षी त्याने मोहन्याचं ग्राउंड करायला घेतलं. दोन पाट मावतील एवढा फोमचा तुकडा, सुटा, लागेल तेव्हा उचलून घेता येईल असा. सुताराकडून लाकडाचा भुसा आणला, तो हिरव्या रंगात भिजवून गॅलरीत वाळवला आणि माझ्या चहाच्या गाळणीने फेव्हिकॉलवर चाळला. गोलच्या पुढे मात्र हिरवं काही नाही, नुसती लाल माती. "तिथे गवत टिकायचंच नाही गं, पाय पडून पडून," म्हणाला. गोलची जाळी जुन्या मच्छरदाणीची. फुटबॉल म्हणजे मोहरीचा दाणा, पांढरा रंगवलेला. खेळणारी पोरं बोटाच्या पेरापेक्षा लहान, एम-सीलची. रेषा आखायला त्याला दोन रविवार लागले. श्वास रोखून आखायचा. मी चहा घेऊन गेले तर हाताने 'थांब' अशी खूण करायचा. आणि त्या ग्राउंडला त्याने मुद्दाम उतार दिला होता. मोहन्यालाही ते नाल्याकडे उतरतं होतं, बॉल सारखा त्याच कोपऱ्यात जायचा. पण हा उतार मला पुढे कळला, नको तेव्हा.

यंदा ते पुरं झालं, त्याच सुमारास क्षिप्राचं स्थळ आलं. ठाण्याचे, कोपरीत राहणारे लोक. मुलगी शाळेत शिकवते, सरळ बोलते. दोघं दोनदा भेटले. पहिल्या भेटीला निघताना मी अद्वयला दारातच म्हटलं, "त्या गाड्यांचं आत्ताच नको हं काही बोलूस. पहिल्याच भेटीत कसं वाटेल ते?" त्याने चप्पल घालता घालता मान हलवली.

मग क्षिप्राची आई, हेमाताई, फोनवर म्हणाल्या, "गणपतीच्या दर्शनाला येऊ आम्ही. त्या निमित्ताने घरही बघणं होईल."

घर बघणार म्हणजे ती खोली बघणार. मला दोन रात्री काही सुचेना. आणि मग सुचलं ते असं, की इतकी वर्षं सांगतेच आहे तर यंदा खरंच तो देखावा करून टाकावा. गणपती हॉलमध्ये न बसवता अद्वयच्या खोलीत बसवायचा. त्या पसाऱ्यात सपाट, मोकळी जागा एकच होती, ते ग्राउंड.

अद्वय ऑफिसच्या कामाला नाशिकला गेला होता, चतुर्थीला सकाळी दहापर्यंत येणार होता. गुरुजींनी आम्हाला सातची वेळ दिलेली. हे, म्हणजे माझे यजमान सुधीर, पाट घेऊन खोलीच्या दारात थबकले. "अगं, त्याला विचारलंस का?"

"आला की सांगेन. बाप्पासाठीच तर आहे. तो नाही म्हणणार आहे का?"

मी एकेक खेळाडू चिमटीने उचलून वाटीत ठेवला. चुन्याची बादली घेतलेला एक मुलगा रेषेच्या बाहेर उभा होता, तो आड येत नव्हता म्हणून तसाच राहू दिला. पाट टेकवताना एक गोल मोडला. कट्कन आवाज आला, तो मला ऐकू आला. मी वर लाल वस्त्र पसरलं. फूटभर उंचीची शाडूची मूर्ती बसली, प्राणप्रतिष्ठा झाली, दुर्वा वाहिल्या, हळदकुंकू वाहिलं, समया लागल्या. दिसत सुंदर होतं, हे खोटं कशाला सांगू? मागे पूल, स्टेशन, आणि मधे बाप्पा.

अद्वय आला, बॅग खांद्यावर तशीच. दारात उभा राहिला. मग बॅग खाली ठेवून त्याने नमस्कार केला, आणि डोकं वर केलं तेव्हा हळूच म्हणाला, "आई, मूर्ती वाकलीय."

खरंच वाकली होती. नाल्याच्या कोपऱ्याकडे.

"खाली फोम आहे गं. आणि फोमच्या खाली प्लाय नाही, पोकळ आहे, तो तुकडा नुसता दोन पट्ट्यांवर टेकलाय. एवढं वजन नाही झेपायचं त्याला."

ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "आता उत्तरपूजेपर्यंत हलवता येणार नाही रे. उद्या संध्याकाळपर्यंत."

"हलवायचं नाहीये बाबा. मी खालून आधार देतो." शर्टाच्या बाह्या सारून तो प्लायखाली शिरला. "आई, रद्दीचा गठ्ठा दे. आणि तो पोळपाट."

मी देत होते, तो खालून एकावर एक रचत होता, आणि बाप्पा हळूहळू सरळ होत होता. तेवढ्यात बेल वाजली. हेमाताई, त्यांचे यजमान आणि क्षिप्रा वेळेच्या तासभर आधीच आले होते.

"अद्वय कुठेय?" हेमाताईंनी खोलीत येत विचारलं. प्लायखालून त्याचे पाय बाहेर आले होते. मोज्याला भोक.

"नमस्कार काकू," पायांकडून आवाज आला. "हात अडकलाय, बाहेर नाही येता येत."

क्षिप्रा हसली. नमस्कार करून ती देखाव्याजवळ वाकली, आणि खूप वेळ वाकूनच राहिली. ती गाड्या बघत नव्हती. वस्त्राच्या कडेने जे काही दिसत होतं, ते बघत होती. लाल माती, पांढरी रेष, तो मुलगा.

"हा एकटाच बाहेर का उभाय?" तिने विचारलं.

"त्याने रेषा आखल्यात," अद्वय खालून म्हणाला. "तो..."

तो पुढे बोलणार होता. आवाजावरून मला कळलं, मी आई आहे त्याची. मोहनं, अण्णा, बादली, सगळं आत्ता बाहेर येणार होतं. हेमाताई कपाळाला बारीक आठी घालून त्या पुलाकडे आणि स्टेशनकडे बघत होत्या.

"अगं, ते आपलं डेकोरेशन!" मी म्हटलं, नको तेवढ्या मोठ्याने. "दीड दिवसाचं. गणपती झाले की काढूनच टाकतो. नाहीतर इतक्या मोठ्या मुलाला कुठे असले नाद! हो ना रे?"

खालून रद्दीचा गठ्ठा सरकल्याचा आवाज झाला.

"हो," अद्वय म्हणाला. "डेकोरेशन आहे."

क्षिप्रा सरळ उभी राहिली. "छान केलंय," म्हणाली, जसं कुणीही म्हणतं तसं.

आम्ही हॉलमध्ये बसून उकडीचे मोदक खाल्ले. अद्वय हात धुऊन आला, सगळ्यांशी नीट बोलला. त्यानंतर तो सगळ्यांशी नीटच बोलतो आहे.

दुसऱ्या दिवशी विसर्जनाहून परत आल्यावर मी वस्त्र उचललं. पाटाचे चार कोपरे फोममध्ये रुतलेले. भुशावर समईतलं तेल सांडून काळा डाग पडलेला, आणि कुंकू त्या पांढऱ्या रेषांमध्ये असं मुरलेलं की ओल्या फडक्याने पुसलं तर रेषाच पुसल्या जायला लागल्या. मी तशीच पुसत राहिले. अद्वय माझ्या मागे येऊन उभा राहिला होता.

"राहू दे आई," म्हणाला. "तसंही डेकोरेशनच होतं."

टोमणा मारला असता तर मला बरं वाटलं असतं. टोमणा नव्हता. तो मला खरंच त्रासातून सोडवत होता.

पुढच्या रविवारी त्याने सगळं खोललं. रूळ, पूल, स्टेशन खोक्यांत भरून माळ्यावर टाकलं. खेळाडूंची वाटी मी पुढे केली, तर म्हणाला, "कुठेही ठेव." खोलीत आता त्या भिंतीला कपाट आहे. संचिता आली होती, तिने दार उघडून बघितलं आणि म्हणाली, "चला, सुटला एकदाचा." मी हसले. आत्ता लिहिताना त्या हसण्याचीही लाज वाटते.

पितृपक्षात कुणी असलं काही बोलत नाही. घटस्थापनेला हेमाताईंचा फोन आला. "योगिनीताई, आमच्याकडून होकार समजा. दसऱ्याला सुपारी फोडू. खरं सांगू? आजकाल मुलांना काय काय नाद असतात. आमच्या भाचीचा नवरा बघा, शनिवार-रविवार घरात नसतोच. तुमचा अद्वय साधा. काही नाद नाही, काही नाही."

मी "हो ना" म्हटलं. तेव्हाही.

अद्वयला सांगितलं तर म्हणाला, "चालेल." क्षिप्रा आवडते का, विचारलं. म्हणाला, "आवडते गं. खूप." आणि पुन्हा मोबाइल बघायला लागला. म्हणजे ज्या मुलीशी तो आयुष्यभर राहणार, जी त्याला खरोखर आवडते, तिला माळ्यावर काय आहे हे माहीत नसणार. तो तिला कधी सांगणारही नाही, कारण सांगितलं तर आपली आई खोटी पडेल. मला खोटं पाडण्यापेक्षा तो जन्मभर रिकामा बसेल. एवढं मी ओळखते त्याला.

आज दसऱ्यासाठी देवघरातली वस्त्रं धुवायला काढली. त्या लाल वस्त्राच्या घडीत काहीतरी टोचलं. बादलीवाला मुलगा होता. एक हात मोडलाय, बादली आहे. इतक्या जवळून मी त्याला पहिल्यांदाच बघितलं. नाक-डोळे काढलेले नाहीत, तेवढी जागाच नाही, पण मान एका बाजूला झुकलेली आहे. अद्वय काही मन लावून बघताना अशीच मान झुकवतो. आणि त्याच्या अंगात निळा शर्ट. मोहन्याला जाताना मीच शिवून घेतला होता तो. मी विसरले होते.

दुपारपासून तो मुलगा ओट्यावर मिठाच्या बरणीशेजारी उभा आहे. अद्वयला दाखवायचं धाडस झालं नाही.

क्षिप्राला तो सगळं आपण होऊन सांगेल की नाही, ते त्याचं त्याने ठरवावं. त्याच्या वतीने मी पुन्हा एक शब्द बोलणार नाही. पण मी जे खोटं बोलले ते माझं आहे, आणि ते दसऱ्याच्या आधी मलाच परत घ्यायला हवं. हेमाताई रागावतील, कदाचित नकोही म्हणतील. मग अद्वयला काय तोंड दाखवू? पण आज मी त्याला तोंड दाखवतेय, ते तरी कुठलं?

सकाळी साडेनऊपर्यंत हेमाताईंची पूजा आटोपते. तेव्हा फोन लावणार आहे. आधी सांगेन, ते डेकोरेशन नव्हतं. मग सांगेन, माझ्या मुलाला नाद आहे, लहानपणापासून आहे, आणि जिथे राहील तिथे त्याला एक अख्खी भिंत लागेल.