इनिशकलिनवरच्या लाल फिती

मार्टी फॅलनला सरळ उत्तर देता येत नसे. "पाऊस येईल का?" असं विचारलं, तर म्हणायचा, "का, कपडे वाळत घातलेत?" असा हा आमचा ऐंशी वर्षांचा शेजारी, सरोवरातल्या इनिशकलिन बेटावर लोकांना नावेने न्यायचा. जुन्या मठाच्या दोन पडक्या भिंती सोडल्या तर बेटावर वस्तीचं नाव नाही. मेंढ्या तिथे कधी पोचल्याच नाहीत, म्हणून आमच्या काठावर त्यांनी खाऊन संपवलेली झाडं तिथे मजेत वाढलीत: ओक, होली, रोवन, खाली दाट नेचे.

त्या फेब्रुवारीत ग्रोनिया नावाची वनस्पतीवाली बाई झाडांची यादी करायला आली. दुसऱ्या वल्ह्यावर मी होतो. भिंतीआड तिला स्नोड्रॉपची पांढरी फुलं दिसली.

"ही इथली नव्हेत. बाहेरून आलीत, पसरत जातील. उद्या उपटून टाकू," म्हणत तिने प्रत्येक झुबक्याशी काडी रोवून लाल फीत बांधली.

दुसऱ्या दिवशी नावेत पाणी. "गळतेय," मार्टी म्हणाला. नावेच्या तळाचं बूच त्याच्याच खिशात होतं, हे मी पाहिलं. तिसऱ्या दिवशी त्याचा गुडघा धरला. चौथ्या दिवशी ग्रोनिया म्हणाली, "राहू द्या मार्टी, मी दुसरी नाव बघते."

तेव्हा तो निमूट वल्ह्यावर बसला. सरोवराच्या मध्यावर थांबला.

"पोरी, बाप्तिस्म्याआधी गेलेलं मूल पाद्री दफनभूमीत घेत नसत. बाप पेटी काखेत धरून इथे आणायचा. आईला आणायचे नाहीत. मग ती परसातला या पांढऱ्या फुलांचा कांदा बापाच्या खिशात घालायची, पुरल्या जागी लावायला."

"तुमचं कुणी आहे तिथे?"

"धाकटा भाऊ. मी सात वर्षांचा होतो. बापाबरोबर आलो. कांदा मी लावला."

आयुष्यात पहिल्यांदा त्याने सरळ उत्तर दिलं. आमच्या गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं, माझ्याही घरचे दोन झुबके तिथे आहेत, पण तोंड उघडायची हिंमत त्याचीच. मला त्याचा फार अभिमान वाटला.

बेटावर उतरल्यावर ग्रोनिया गुडघ्यांवर बसून एकेक फीत सोडू लागली. शेवटच्या झुबक्याशी मार्टीने तिचा हात धरला.

"ही राहू दे," तो म्हणाला. "त्र्याहत्तर वर्षांत त्याच्यावर कुणी खूण केली नव्हती."