उपरण्याखालचा हप्ता

आमच्या मामांनी उभ्या जन्मात एकही आकडा तोंडाने उच्चारला नसेल. देवळात नारळ किती फोडायचे हेसुद्धा ते गुरवाला बोटांनी सांगत, आणि बोटंही उघड्यावर नाहीत, उपरण्याखाली. दारव्ह्याला ते कापसाचे दलाल होते. जुन्या पद्धतीत भाव असाच ठरे. विकणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा हात एका कपड्याखाली जायचा, आत बोटं धरली-सोडली जायची आणि वरून दोघंही काही घडतच नसल्यासारखे आभाळाकडे पाहत उभे राहायचे. पुढे बाजारात बोली मोठ्याने लावायचा नियम झाला, तरी मामांची जुनी माणसं आधी त्यांच्या उपरण्याखाली हात घालत आणि मगच बोलीला उभी राहत. चार लोकांत आकडा बोलणं म्हणजे मामांना अंगातला सदरा काढून ठेवण्यासारखं वाटे.

घरातही तेच. मामी चुलीपुढून विचारायची, "किती भाकरी टाकू?" की मामा जागचे उठून तिच्या पिठाच्या हातावर उपरणं टाकायचे. मामी हात ओढून घ्यायची. "अजी, भाकरीचा कायचा भाव करून राह्यले? तोंडानं सांगा ना!" मामा तसेच उभे. शेवटी मामी आपल्या अंदाजाने टाकायची आणि उपरणं धुवायला मला द्यायची. एकदा तापात डॉक्टर आले. त्यांनी वय विचारलं आणि नाडी पाहायला हात धरला. मामांना वाटलं, सौदा सुरू झाला. त्यांनी डॉक्टरांच्या हातावर पांघरूण ओढलं आणि आत वय सांगितलं. डॉक्टरांना ते कळलं नाही. त्यांनी बोटांना वाताची लक्षणं लिहिली.

आई गेल्यावर मी मामांकडे आले. चौथीनंतर शाळा सुटली. परक्या माणसापुढे माझा आवाज निघत नसे, त्यामुळे त्या घरात मामांची रीत सोयीची वाटणारी मी एकटीच. लुगड्याला पैसे हवेत, वाती संपल्या, सगळं मी उपरण्याखालीच सांगे. मामा म्हणत, "ह्या घरात सभ्य माणूस एकच, आमची भाची."

पण इन्कमटॅक्सच्या कचेरीला सभ्यपणा कसा कळणार? तिथून कागद आला, तुमचं उत्पन्न किती ते कळवा. जे मामीला कधी सांगितलं नाही, ते न पाहिलेल्या साहेबाला कागदावर लिहून द्यायचं! मामांनी तो कागद अदबीने देवाच्या तसबिरीमागे ठेवला. दुसरा आला, तोही ठेवला. तसबीर भिंतीपासून पुढे यायला लागली. शेवटी कचेरीने आपल्या अंदाजाने कर बसवला आणि उत्तर न दिल्याचा दंड वर लावला. मामांनी तोही कागद तसबिरीमागे सरकवला. मग एक दिवस तहसिलीतून माणूस आला, ओसरीपासून मागच्या अंगणापर्यंत घर मोजून गेला आणि सांगून गेला की पैसे भरले नाहीत तर जप्ती, आणि जप्तीनंतर लिलाव.

"लिलाव म्हंजे मोठ्यानं बोलीचा?" मामांनी विचारलं.

"नाही तर काय कानात?" मामी म्हणाली आणि पदर तोंडाला लावून आत गेली. त्या घराच्या भिंती तिने स्वतः उभं राहून बांधून घेतल्या होत्या.

मग सल्ले सुरू झाले. वकील म्हणाले, अपील करू, पण त्याची मुदत केव्हाच टळलेली. शेजारचे दुकानदार म्हणाले, घर बायकोच्या नावावर करून टाका. मामी म्हणाली, "करा. पयले तुमालेच बाहीर काढतो का नाही पाहा." त्यावर वकील हसले आणि म्हणाले, आता नावावर करूनही उपयोग नाही. कोणी म्हणालं, देणं फिटत नाही म्हणून कोर्टात नादारीचा अर्ज द्या. तेव्हा मात्र मामा भडकले. "दलालानं नादारी घेतली तर उद्या माह्या बोटावर भरोसा कोण ठेवीन?" उरला एकच रस्ता, साहेबाला भेटून हप्ते मागायचे आणि दंड कमी करायची विनंती करायची. अर्ज मी लिहिला. हप्त्याचा आकडा मात्र मामांनी लिहू दिला नाही. "तो तिथं ठरवू."

आम्ही अरुंद रुळांवरच्या छोट्या गाडीने यवतमाळला गेलो. साहेब तरुण होते. अर्ज वाचून म्हणाले, "हप्ते देता येतील. महिन्याला किती भराल?"

मामा टेबलापर्यंत गेले, खांद्यावरचं उपरणं काढलं आणि साहेबांच्या हातावर टाकून आत हात घातला.

साहेब खुर्चीसकट मागे सरकले. "काय हे? पैसे देता मला?"

"पैसे असते तर आलो असतो कायले, साहेब?"

चपराशी धावत आला. "ओ काका, हात काढा! काय करून राह्यले?"

मामांचा चेहरा उतरला. इतक्या लोकांसमोर कुणी त्यांचा हात परत केला नव्हता. ते माझ्याकडे वळले आणि उपरणं माझ्या हातावर टाकलं. "माय, तू सांग साहेबाले."

त्यांनी आत बोटं धरली. मी दचकले. मानापायी त्यांनी भलताच मोठा हप्ता सांगितला होता. इतकं भरलं तर घर राहील, पण चूल पेटणार नाही. मी त्यांची दोन बोटं मिटवली. त्यांनी एक पुन्हा उघडलं. मी तेही मिटवलं. आभाळ नव्हतं म्हणून ते छताकडे पाहत होते, मी जमिनीकडे. उपरणं हलत होतं. साहेब बघत राहिले आणि मग म्हणाले, "तुमचं दोघांचं ठरलं की मला सांगा."

शेवटी मामांचा हात सैल पडला. मी आकडा बोलले. साहेबांना ऐकू गेला नाही. पुन्हा बोलले. त्यांनी थोडा विचार केला, मान हलवली आणि लिहून घेतलं. हप्ते वेळेवर आले तर दंडाचंही बघतो म्हणाले.

"लिहिता कायले, साहेब? बोट दिलं ना," मामा म्हणाले.

परतीच्या गाडीत त्यांनी उपरण्याची घडी करून मांडीवर ठेवली. लाडखेड स्टेशन गेल्यावर म्हणाले, "तू बाजारात बसली असती तर माहा धंदा बसला असता."

त्यांनी एकही हप्ता चुकवला नाही. दर महिन्याला स्वतः जात. कारकून नोटा मोठ्याने मोजू लागला की कानांवर हात ठेवून उभे राहत. मामी गाडीच्या वेळेला दारात असे आणि विचारी, "किती राह्यले?" मामा उपरणं काढत. मामी म्हणे, "राहू द्या," आणि आत जाई.

शेवटचा हप्ता भरून ते आले तेव्हा बरंच थकले होते. दंडही बराचसा माफ झाल्याचा कागद खिशात होता, पण तो त्यांनी काढला नाही. मामीने विचारलं, "किती राह्यले?" मामांनी उपरणं तिच्या हातावर टाकलं आणि आत नुसती मूठ ठेवली, सगळी बोटं मिटलेली.

मामीने या वेळी हात ओढला नाही. दोघं आपल्याच दारात उभे होते, ती रस्त्याकडे पाहत आणि ते आभाळाकडे. चुलीवरचं दूध उतू जात होतं. मी ते उतरवायला गेले आणि आतच थांबले.