कवळीकाकांची आत्याबाई

ज्या माणसापुढे सगळी गल्ली तोंड उघडते, त्याने स्वतःचं तोंड शक्यतो मिटलेलं ठेवावं, असा कवळीकाकांचा शिरस्ता होता. माप घ्यायचं, कवळी करून द्यायची आणि कोणाची कवळी कुठे बसली हे पोटात ठेवायचं. आता कोणाचे दात असली आणि कोणाचे नकली हे गल्लीत सर्वांना पाठ होतं ही गोष्ट वेगळी. ते काकांकडून फुटलेलं नव्हतं. कोणाकडून फुटलं, याची चौकशी इथे नको.

काका डॉक्टर नव्हेत. डॉक्टर पलीकडच्या हमरस्त्यावर काचेच्या दारामागे गार हवेत बसतो. काका घराच्या पुढच्या खोलीत बसतात. एका अंगाला प्लास्टरच्या पांढऱ्या जबड्यांची फळी, दुसऱ्या अंगाला मेण, स्पिरिटचा दिवा आणि माप घ्यायच्या गुलाबी मसाल्याची बरणी. नवं गिऱ्हाईक आलं की त्या फळीवरच्या सगळ्या जबड्यांनी एकदम हसून स्वागत केल्यासारखं वाटतं आणि निम्मं गिऱ्हाईक तिथेच गर्भगळित होतं. कारागीर मात्र पक्का. काकांची कवळी घालून लोक भांडले, शिंकले, लग्नात व्याह्यांशी कडाकडा बोलले, पण कोणाची कवळी कधी बाहेर आली नाही.

अशा या अबोल माणसाला एका विषयावर मात्र कंठ फुटायचा. तो विषय मागच्या अंगणात पत्र्याच्या शेडमध्ये उभा होता. लांब नाकाची, गोल डोळ्यांची, महायुद्धाच्याही आधीची मोटार. गल्लीने तिचं नाव ठेवलं होतं आत्याबाई. का, तर आली तेव्हा सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा गाजावाजा करत आली आणि एकदा येऊन बसल्यावर हलायचं नाव नाही.

गाडी खरी काकूंच्या माहेरची. काकूंचे वडील एका बड्या घरी ड्रायव्हर होते. हात थरथरायला लागले तेव्हा मालकाने गाडी त्यांनाच देऊन टाकली. वडिलांनी गाडी चालवायला शिकवली ती मुलीला. मुलालाच शिकवणार होते, पण काकूंच्या थोरल्या भावाला, म्हणजे दादाला, गाडी लागायची. बापाने स्टार्टर मारला की लेकाने लिंबू हुंगायचं, असा तो संसार. पुढे वडील गेले आणि गाडी भाऊबहिणीच्या सामाईक नावावर राहिली. आणि सामाईक म्हटलं की कटकट आलीच.

"चिमे," दादा एका सकाळी चहाचा कप बॉनेटवर ठेवत म्हणाला, "किती दिवस हे भंगार पोसणार आहात दोघं?"

"आधी कप उचल. आणि भंगार म्हणायचं नाही. बाबांची गाडी आहे."

"बाबांची होती तेव्हा धावत होती. आता नुसती बसून खाते."

"तूही रिटायर झाल्यापासून तेच करतोस, तुला काढलं का कोणी विकायला?"

दादाने कप उचलला, पण मुद्दा सोडला नाही. बायपासवरच्या एका हॉटेलवाल्याने गाडी मागितली होती. तो तिचं इंजिन काढून टाकणार, बॉनेटमध्ये माती भरणार, त्यात फुलझाडं लावणार आणि गाडी फाटकाशी उभी करणार. लोक येतील, टेकून फोटो काढतील. "म्हणजे लोकांच्या डोळ्यांसमोर राहील," दादा म्हणाला.

काकूंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुझं इंजिन काढून तुला कुंडी केली तर चालेल तुला?"

शेवटी ठरलं ते असं. जुन्या गाड्यांची रॅली तोंडावर आली होती. शहरातून निघायचं, घाट चढून पठारावरच्या तळ्यापर्यंत जायचं आणि त्याच वाटेने परत यायचं. आत्याबाई स्वतःच्या इंजिनावर परत आल्या, तर दादा विक्रीचा विषय जन्मात काढणार नाही. पण दोरी लावून ओढत आणाव्या लागल्या, तर त्याच दोरीने थेट हॉटेलच्या फाटकात. काकांनी "अहो दादा, पण एवढ्यात..." म्हणून तोंड उघडेपर्यंत काकू "कबूल" म्हणून मोकळ्या झाल्या होत्या.

तोवर गाडीचं बरंच काही जमलं होतं. सुटे भाग हुडकण्याची काकांची स्वतःची एक पद्धत होती. गिऱ्हाइकाच्या तोंडात मापाचा मसाला भरायचा आणि तो घट्ट होईपर्यंत शांतपणे विचारायचं, "तुमच्याकडे जुन्या मोटारीचं काही पडलंय का हो? वायपर, दिवा, कडी?" गिऱ्हाईक बिचारं "अं, अं" एवढंच म्हणू शके. काका तो होकार धरत आणि संध्याकाळी त्याच्या माळ्यावर चढत. अशानेच एका सलूनमध्ये साबणाचा फेस घुसळायला वापरलेली चाकाची झाकणी सापडली. एका आजींच्या बाथरूमच्या दाराला तर हुबेहूब आत्याबाईच्या दाराची कडी निघाली. आजी म्हणाल्या, "माझी कवळी खाली सरकते ती घट्ट करून दे आणि कडी ने." काकांनी नेली. त्या घरी बाथरूममध्ये गेलेला माणूस अजूनही आतून मोठ्याने गाणं म्हणत असतो.

अडलं ते पाण्याच्या पंपाशी. इंजिन गार ठेवायला पंप त्यातून पाणी फिरवतो आणि पंपाच्या पोटात तळहाताएवढा पितळी पंखा गरगरत असतो. त्या पंख्यावर सगळी मदार. तो सडून गेला असेल तर सपाटीवर एकवेळ निभावतं, चढावर गाडी उकळते. आत्याबाईचा पंखा हातात घेतला तर चावून टाकलेल्या बडीशेपेसारखा दिसत होता. काकांनी भंगार बाजार पालथा घातला, परगावच्या गॅरेजांना फोन लावले. एका हौशी संग्राहकाकडे तसा पंखा होता, अगदी नवा कोरा, पण तो त्याने काचेच्या कपाटात दिवा लावून ठेवला होता. "देत नाही," तो म्हणाला, "बघून घ्या." काका हात मागे बांधून बराच वेळ बघत उभे राहिले. दुकानाबाहेर मिठाई बघत उभं राहावं तसे.

परत येऊन ते म्हणाले, "करतो घरीच."

आणि केला. सडक्या पंख्याचं माप घेतलं, साचा केला, मेणाचा नमुना ओतला, त्याच्या कडा कोरणीने साफ केल्या. दातावरची टोपी करतात तसंच सगळं, फक्त हा दात भलत्याच मोठ्या जनावराचा. तो नमुना घेऊन ते ओताऱ्याकडे गेले. ओताऱ्याने साचा तापवला, मेण वाहून गेलं, त्या पोकळीत पितळ ओतलं. थंड झाल्यावर फोडून पाहिलं तर जुन्याचा जुळा भाऊ. काकांनी तो रुमालात गुंडाळून घरी आणला आणि शेजारपाजारच्यांना बोलावून बोलावून दाखवला. ज्याने उभ्या जन्मात आपलं काम कोणाला दाखवलं नव्हतं, तो माणूस.

रॅलीआधीच्या रविवारी दोघांनी गाडी टेकडीवर काढून पाहिली. अर्ध्या चढावर आत्याबाईच्या नाकातून जी वाफ सुटली, ती थेट गल्लीतून दिसली. दादाच्या गच्चीवरूनही दिसली. संध्याकाळी तो येऊन गेला. फक्त सहज विचारून गेला, दोरी सुती बरी की नायलॉनची.

काका शेडमध्ये उकिडवे बसले होते, पंखा मांडीवर घेऊन. "काही चुकलेलं नाही गं यात," ते म्हणाले. "एक केसाचा फरक नाही. जसा होता तस्सा उतरवलाय."

काकू दाराशी उभ्या होत्या. या बाईने भिंतीपलीकडून नवऱ्याची आणि गिऱ्हाइकांची सगळी बोलणी ऐकलेली. त्या म्हणाल्या, "लोक जुनी कवळी घेऊन येतात नि म्हणतात, अशीच करून द्या. तेव्हा तुम्ही काय सांगता त्यांना?"

"काय सांगतो?"

"मी काय सांगू, तुम्हीच आठवा. इतकी वर्षं तेच ऐकतेय."

काकांनी मांडीवरच्या पंख्याकडे पाहिलं. मग त्यांचा चेहरा हळूहळू असा झाला, की जणू स्वतःचंच बोट स्वतःच्या दातांखाली आलं. प्रत्येक गिऱ्हाइकाला ते सांगत आले होते, जुनी कवळी झिजलेली असते, तिचं माप घेऊन उपयोग नाही, माप तोंडाचं घ्यायला लागतं. आणि स्वतः त्यांनी काय केलं होतं? झिजलेल्या पंख्याचं झिजलेलं माप घेतलं होतं, पाण्याने खाल्लेल्या कडांसकट. खाल्लेली पाती त्यांनी इमानेइतबारे पितळेत पुन्हा ओतली होती.

"मी गाढव आहे," काका म्हणाले.

"ते राहू द्या. पंप खोला."

या खेपेला काकांनी पंपाच्या पोटात मसाला भरला. अगदी जबड्यात भरतात तसा, बोटाने कोपऱ्याकोपऱ्यात दाबून. सुटून आला तो गोळा म्हणजे पंख्याला किती जागा होती त्याचा ठसा. त्या मापाने त्यांनी मेणाची पाती वाढवली. इतकी, की पंख्याची कड आणि पंपाची भिंत यांच्यामधून कागद जावा, पोस्टकार्ड जाऊ नये. ओताऱ्याने पुन्हा भट्टी पेटवली. "आधीचा चांगला दिसत होता की," तो कुरकुरला. "दिसायला कवळीही चांगलीच दिसते," काका म्हणाले, "चावायला लागलं की कळतं."

टेकडीवर पुन्हा जाऊन बघायला वेळ उरला नव्हता. पंप बसवला आणि दुसऱ्या दिवशी गाडी रॅलीच्या मैदानावर नेली.

मैदानात काय एकेक गाड्या. काही तर ट्रकमधून आल्या होत्या, टायरला धूळ लागू नये म्हणून. मालकही तसेच, टोप्या घातलेले, काळे चष्मे लावलेले. त्यांच्यात आमच्या काकू पांढरे कॅनव्हासचे बूट घालून स्टीअरिंगवर बसल्या. पाठ ताठ, कोपर किंचित बाहेर, अगदी त्यांच्या वडिलांची बैठक. शेजारी काका पाण्याचा डबा मांडीवर घेऊन, बाळाला डोस पाजायला नेणाऱ्या बापासारखे. आणि मागे, आपल्या नव्या गाडीत, दादा. डिकीत निळी नायलॉनची दोरी. शेवटी नायलॉनवर ठरलं होतं.

सपाटीवर आत्याबाई शहाण्यासारख्या वागल्या. घाट सुरू झाला आणि काकांचे डोळे बॉनेटच्या टोकावरच्या तापमापकाला चिकटले. रेडिएटरच्या झाकणावरच तो बसवलेला होता, आत काच, काचेत काटा, वर लाल रेघ. पहिल्या वळणावर काटा हलला. दुसऱ्या वळणावर चांगलाच वर सरकला.

"अगं, थांबव जरा."

"कशाला?"

"तापतेय."

"चढावर कोण तापत नाही? तुम्ही जिना चढून आलात की काय होतं?"

"चेष्टा नको. पुढे जाऊन उकळली तर दादा दोरी लावेल आणि संपलं. आत्ताच कडेला घे, पाणी घालतो."

"इथे थांबवली तर या चढावर पुन्हा उचलायची नाही ती." काकूंनी क्लच दोनदा दाबून गिअर खाली आणला. गाडी घोगऱ्या आवाजात ओरडली आणि चढाला भिडली. मग समोरचं वळण न सोडता त्या म्हणाल्या, "पंप कोणी केलाय?"

"मी."

"मग मला भरवसा आहे. तुम्हाला नसेल तर उतरा नि मागून चालत या."

काकांनी पाण्याचा डबा पोटाशी ओढला. जन्मभर लोकांनी त्यांचं काम तोंडात घालून नेलं आणि परत आले ते फक्त तक्रार घेऊन. इथे बोचते, तिथे हलते. बरी बसली तर माणूस येत नाही, हाच त्यांचा हिशेब. म्हणजे आजवरची सगळी शाबासकी त्यांना न आलेल्या माणसांकडून मिळालेली. आणि आता ही बाई, बापाची गाडी पणाला लावून, त्यांच्या तळहाताएवढ्या पितळेवर सगळा भार टाकून घाट चढत होती, आणि तसं तोंडावर सांगत होती.

काटा लाल रेघेच्या अलीकडे येऊन थांबला. थरथरला. तिथेच राहिला. वरच्या वळणावरून मागे पाहिलं तर त्या काळ्या चष्म्यांपैकी दोघे बॉनेट उघडून वाफेत उभे होते. पठारावर वारा लागला, काटा उतरला, तेव्हा काकांच्या लक्षात आलं की पाण्याचा डबा त्यांनी पोटाशी इतका घट्ट धरलाय की त्याला पोचा आलाय. झाकण उघडलेलंच नव्हतं.

बक्षीसबिक्षीस काही मिळालं नाही. उतारावर काकूंनी जपून आणली, त्यामुळे मैदानात शिरताना बऱ्याच गाड्या आधी येऊन बसल्या होत्या. पण आत्याबाई शिरल्या त्या स्वतःच्या इंजिनावर, दोन्ही दिवे लावून, भर दुपारी. काकूंनी गाडी उभी केली आणि मुद्दाम इंजिन चालू ठेवलं.

मागून दादा आला. गाडीभोवती एक फेरी मारली. बॉनेटला हात लावला, चटका बसला, काढला.

"वाटेत किती पाणी घातलंत?"

"डबा बघ," काकू म्हणाल्या.

दादाने डबा पाहिला. त्याने तिथेच फोन लावला. "हां, मी बोलतोय. नाही हो, ती गाडी आता मिळायची नाही. नाही, किमतीचा प्रश्न नाही. चालू आहे ती. ऐकू येतंय ना? तोच आवाज." फोन ठेवला आणि डिकीतून दोरी काढली. तिच्यावरचा दुकानाचा कागदही निघाला नव्हता. "ही परत घेईल का गं तो दुकानदार?"

"राहू दे," काकू म्हणाल्या, "तुझी गाडीही कधीतरी म्हातारी होईल."

तोवर फोटो काढणारे, बघे, पोरंबाळं गोळा झाली होती. वहीपेन घेतलेल्या एका मुलीने काकांना विचारलं, "गाडी तुमची का?"

"हिची," काका म्हणाले. "हिच्या वडिलांनी चालवली, आता ही चालवते."

"आणि तुम्ही?"

काकांनी घसा खाकरला. एरवी हा माणूस इथे गप्प बसला असता.

"पंप माझा," ते म्हणाले, आणि इतक्या मोठ्याने म्हणाले की पलीकडच्या रांगेतल्या टोप्याही वळल्या. मग कोणी न विचारता त्यांनी बॉनेट उघडलं. पंखा पंपाच्या पोटात, बाहेरून दिसायची सोयच नव्हती. तरी माणसं वाकून वाकून बघत होती, आणि काका प्रत्येकाला बोटाने नेमकी जागा दाखवत होते.